पुण्यात गिटार घडवून घेताना: अनेक शैलींना पुरेल असे एकच हातबनावटीचे वाद्य

माझ्या मागणीचा पहिला कागद कारागिराने शांतपणे वाचला आणि घडी घालून मला परत दिला. त्यावर मी लिहिले होते की आवाज भरदार हवा पण प्रत्येक तार सुटी ऐकू यावी, जोरात वाजवली तर फाटू नये आणि हळू वाजवली तर दबू नये. ‘हे गिटारचं वर्णन नाही, स्थळाची जाहिरात आहे,’ एवढेच ते म्हणाले. पुढच्या अकरा महिन्यांत त्या जाहिरातीचा मापांचा तक्ता कसा झाला, हे खाली क्रमाने लिहीत आहे. तीनचार वर्षे दुकानातली गिटार वाजवून झालेल्या आणि आता एकच चांगले वाद्य घडवून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी कारखान्यातली बरी गिटार घेऊन ती जाणकाराकडून नीट लावून घ्यावी. त्यांचे पैसे वाचतील आणि वादनातही काही अडणार नाही.

१. आधी स्वतःचे वादन मोजा

पंधरा दिवस आपले प्रत्येक वादन फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि एका वहीत चार गोष्टी लिहा: किती वेळ पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) स्ट्रमिंग केले, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडल्या, किती वेळ बोटांनी वाजवले, कॅपो (सर्व तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) कुठे लावला आणि मानेवर सर्वांत वर कुठल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत, हात गेला. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळणाऱ्याला पुढचा एकही निर्णय नीट घेता येत नाही.

मी स्वतःला फिंगरस्टाईल, म्हणजे बोटांनी, वाजवणारा समजत होतो. वहीने सांगितले की माझा जवळजवळ दोनतृतीयांश वेळ भावगीतांना साथ करण्यात जातो. त्यातही गाणारी व्यक्ती ‘काळी पाच’ म्हणाली की मी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवतो, आणि ‘काळी एक’ म्हणाली की कॅपो चौथ्यावर नेऊन ए कॉर्डच्या आकारात. कॅपो वर सरकला की मधल्या संगीताचे तुकडेही वर सरकतात आणि हात चौदाव्या फ्रेटच्या पलीकडे जातो. म्हणजे ज्या कटअवेला (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून खोक्याच्या खांद्याला दिलेल्या खाचेला) मी केवळ शोभा समजत होतो तो मला खरोखर हवा होता, आणि ज्या रुंद मानेसाठी मी हटून बसलो होतो तिची गरज त्या मानाने कमी होती.

२. काय सोडायचे ते ठरवा

सगळ्या शैलींना सारखाच न्याय देणारी गिटार कोणी बनवत नाही. म्हणून आपल्या यादीतून काय वगळता येईल, ते कारागिराकडे जाण्यापूर्वीच ठरवावे.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्लाइड गिटार, म्हणजे पंडित ब्रिजभूषण काबरा किंवा पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या परंपरेतले वादन, यासाठी तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच लागतात. तशा उंचीवर बोटांनी कॉर्ड धरणे म्हणजे शिक्षाच. नायलॉनच्या तारांचे वादन हाही वेगळा संसार आहे, कारण त्या तारांचा ताण कमी असल्याने समोरची फळी वेगळ्या हिशोबाने तासावी लागते. या दोन गोष्टी मी सोडल्या. उरले ते स्ट्रमिंग, पिकने एकेक सूर वाजवणे, बोटांनी वाजवणे आणि अधूनमधून तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांना लावून डी-ए-डी-जी-ए-डी अशी बदललेली लावणी. एवढे एका वाद्यात नांदू शकते.

३. आकार निवडा

येथे दोन आकारांचा इतिहास उपयोगी पडतो. ड्रेडनॉट हा रुंद खांद्यांचा आकार मार्टिन कंपनीने प्रथम १९१६ मध्ये दुसऱ्या एका विक्रेत्यासाठी बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला काढला. त्याचे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून आले आणि आवाजही त्याला शोभेसा आहे. दुसरा आकार ऑर्केस्ट्रा मॉडेल, म्हणजे ओएम, हा १९२९ चा. पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला लांब मानेची गिटार हवी होती. त्याच्या मागणीवरून मार्टिनने खोक्याचा आकार आखडून चौदा फ्रेट खोक्याबाहेर काढले. म्हणजे हा आकार जन्मालाच एका गिऱ्हाइकाच्या हट्टातून आला.

ड्रेडनॉटची खालची रुंदी सुमारे ३९७ मिलिमीटर, तर ओएमची ३८१. हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. खरा फरक खोलीत आहे. ड्रेडनॉट मागच्या टोकाला सुमारे १२४ मिलिमीटर खोल असते आणि ओएम १०५ च्या आसपास. त्या जास्तीच्या हवेमुळे ड्रेडनॉटचा खर्ज घुमतो, स्ट्रमिंगला रंग चढतो, परंतु आवाज हलका असणाऱ्याच्या गाण्यावर तोच खर्ज पांघरूण घालतो आणि बोटांनी वाजवताना मधल्या तारा त्याखाली हरवतात. माझे मत स्पष्ट आहे: अनेक शैलींसाठी एकच गिटार हवी असेल तर ओएमच्या जवळपासची रुंदी घ्यावी आणि खोली चारपाच मिलिमीटरने वाढवून मागावी. ज्यांचे बहुतेक वादन कोजागिरीच्या गच्चीवर, माइकशिवाय, वीस जणांच्या कोरसबरोबर होते, त्यांनी मात्र बिनदिक्कत ड्रेडनॉट घ्यावी.

४. मापांचा कागद तयार करा

लाकडाची चर्चा करण्याआधी मापे ठरवा. गिटार हातात धरल्यावर ‘आपली’ वाटते किंवा वाटत नाही, ते प्रामुख्याने या मापांमुळे.

पहिले माप तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीचे, म्हणजे स्केलचे. ६४५ आणि ६३२ मिलिमीटर ही दोन मापे प्रचलित आहेत. तीच तार त्याच सुराला लावली तर लांब स्केलवर ताण सुमारे चार टक्क्यांनी जास्त येतो. डी-ए-डी-जी-ए-डी लावणीत सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेक स्वर उतरवाव्या लागतात. छोट्या स्केलवर त्या ढिल्या पडून फ्रेटवर आपटतात. म्हणून ही लावणी वापरणाऱ्यांनी ६४५ घ्यावे. ज्यांची बोटे आखूड आहेत किंवा सांधे दुखतात त्यांना ६३२ सुखाचे जाते.

दुसरे माप नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या, रुंदीचे. स्ट्रमिंगच्या गिटारी बहुधा ४३ मिलिमीटरच्या असतात, बोटांनी वाजवणारे ४४.५ किंवा ४६ मागतात, आणि क्लासिकल गिटारचे नट ५२ च्या घरात असते. दीड मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. एका ओळखीच्या वादकाची ४६ ची गिटार मी दहा मिनिटे वाजवली आणि कागदावर ४६ लिहून टाकले. कारागिराने तीच गिटार मला आठवडाभर घरी न्यायला लावली. तिसऱ्या दिवशी एफ कॉर्ड सलग धरून अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले आणि ४६ चे ४४.५ झाले. दहा मिनिटांच्या अनुभवावर नटची रुंदी ठरवू नका, ही माझी कळकळीची सूचना आहे.

तिसरे माप बहुतेक नवखे विसरतात: ब्रिजवरचे, म्हणजे फळीवर जेथे तारा अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरचे, तारांमधले अंतर. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत ५५ मिलिमीटर असेल तर पिकला सोयीचे पडते. ५७ ठेवले तर उजव्या हाताच्या बोटांना मोकळी जागा मिळते. मी ५६ मागितले आणि मला त्याचा कधीही पश्चात्ताप झालेला नाही.

५. लाकूड: समोरच्या फळीवर लक्ष ठेवा

गिटारचा आवाज सर्वाधिक ठरतो तो समोरच्या फळीवर. सिटका स्प्रूस जोराचे स्ट्रमिंग सहज पेलते, परंतु हलक्या बोटांना उशिरा प्रतिसाद देते. सीडर उलट स्वभावाचे आहे: नुसत्या स्पर्शाने बोलते, पण पिकने जोर केला की एका मर्यादेनंतर त्याचा आवाज वाढत नाही, नुसता गढूळ होतो. युरोपियन स्प्रूस या दोहोंच्या मधले असल्याने माझी निवड तीच होती. एक गैरसमज येथेच दूर करतो. गिटारवाल्यांचे सीडर, म्हणजे वेस्टर्न रेड सीडर, हा आपला हिमालयातला देवदार नव्हे. ती दोन अगदी निराळी झाडे आहेत.

पाठ आणि बाजूच्या पट्ट्यांसाठी जगभर ज्याला इंडियन रोजवुड म्हणून मान मिळतो ते आपले शिसवी लाकूड. जुन्या वाड्यांतली कपाटे आणि झोपाळे याच लाकडाचे असत. त्याने खर्ज खोल होतो आणि सूर लांबतो. महागनीने सूर कोरडा, थेट आणि साथीला नेटका येतो. दोन्ही योग्यच आहेत, आणि या निवडीवर लोक जेवढे वाद घालतात तेवढा फरक तिच्यात नाही.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन स्वतः लाकूड आणण्याचा मोह टाळा. तेथील माल मुख्यतः इमारतीसाठी आणि फर्निचरसाठी असतो. वाद्याला लागणारी फळी वर्षानुवर्षे वाळवलेली आणि कडेने पाहिल्यास उभ्या रेषांची असावी लागते. मी तर आजोळच्या झोपाळ्याची ‘शिसवी’ फळी रिक्षात घालून नेली होती. कारागिराने रंध्याचा एक हात मारला आणि काळ्या पॉलिशखालून पिवळट सागवान निघाले. त्याची एक पातळ चकती आता गिटारच्या डोक्यावर बसली आहे, आणि आजीला आम्ही अजून काही सांगितलेले नाही.

कायद्याची एक बाब ध्यानात ठेवा. शिसवी ज्या प्रजातीत मोडते ती संपूर्ण प्रजाती जानेवारी २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील, आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवुड मात्र १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे, तेव्हा ते कोणी देऊ केले तरी नाकारा. नट आणि सॅडल (ब्रिजवर तारा ज्या पट्टीवर टेकतात ती) हाडाचे घ्या. हस्तिदंताचा विषयही काढू नका.

६. आतल्या पट्ट्यांविषयी बोला

फळीच्या आत इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ही रचना अमेरिकेत १८४० च्या दशकात, आतड्याच्या तारांच्या काळात आली आणि पुढे पोलादी तारांनाही तीच सोसली. ‘बारा’च्या संचातल्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असते त्या संचातल्या, सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७३ किलो असतो, म्हणजे जवळजवळ दीड पोते सिमेंट, आणि तो तीन मिलिमीटरहून पातळ फळीवर कायम असतो. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार मुकी होते. फार तासल्या तर आवाज सुरुवातीला मोहक लागतो आणि काही वर्षांत ब्रिजमागे फळीला पोट येते. नवख्याने पट्ट्यांची मापे सांगण्याच्या भरीस पडू नये. आपण कोणत्या जाडीच्या तारा कायम वापरणार, एवढेच लेखी द्यावे आणि पुढे त्याहून जाड तारा चढवू नयेत.

७. कारागीर पाहताना भिंतीवरचा आर्द्रतामापक पाहा

पुण्यात काम करवून घेणाऱ्याने सर्वाधिक काळजी घ्यायची ती येथे. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य समजली जाते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते आणि एप्रिलच्या दुपारी ३० च्याही खाली उतरते. भर पावसाळ्यात उघड्या खोलीत चिकटवलेली फळी ओलाव्याने फुगलेली असते. तीच एप्रिलमध्ये आकसते आणि पट्ट्यांनी धरून ठेवल्यामुळे रेषेतून तडकते. माझ्या एका मित्राची गिटार, जिला त्याने गणपतीपूर्वी हवी म्हणून घाई केली होती, होळीनंतर ब्रिजखाली तडकली. कारागिराने ती विनातक्रार दुरुस्त करून दिली, पण घाई मित्राची होती, हेही खरे.

म्हणून कार्यशाळेला पहिली भेट शक्यतो पावसाळ्यात द्या. बंद खोली आहे का, हवेतला ओलावा शोषणारे यंत्र चालू आहे का, आणि आर्द्रतामापक किती दाखवतो, ते पाहा. यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले असेल तर चहा घेऊन नम्रपणे निघा. मग तीन प्रश्न विचारा: पाच वर्षांपूर्वी बनवलेली एखादी गिटार पाहायला मिळेल का, मान बोल्टने बसवता की खाचेत सरसाने, आणि पॉलिश कशाचे करता.

पाच वर्षांची गिटार हा प्रश्न सर्वांत मोलाचा. नव्या तारा चढवलेली नवी गिटार कोणतीही चमकतेच. मान कशी बसवली याला महत्त्व यासाठी की काही वर्षांनंतर तिचा कोन बदलावा लागतो आणि बोल्टची मान सुटी करणे सोपे जाते. पॉलिशमध्ये लाखेचे फ्रेंच पॉलिश सर्वांत पातळ बसते आणि फळीला मोकळे ठेवते, पण घाम आणि सांडलेला चहा त्याला चालत नाही. पॉलियुरेथेन टिकाऊ, पण जाड बसले तर आवाज दाबते. मी फळीला लाख आणि मानेला टिकाऊ पॉलिश असा मधला मार्ग घेतला.

८. लेखी करार, हप्ते आणि कागदपत्रे

ओळखीचा माणूस असला तरी लेखी करार करा. कागद झाल्याने संबंध बिघडत नाहीत, न झाल्याने बिघडतात. माझे पैसे तीन हप्त्यांत गेले: लाकूड निवडताना, खोका बंद होण्यापूर्वी आणि ताबा घेताना. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. पुढील कागद एका फाइलमध्ये ठेवा:

– दोघांच्या सह्यांचा मापांचा तक्ता, त्यात तारांची जाडीही
– कोणते लाकूड कुठे वापरले याची नोंद, शक्य तर खरेदीच्या पावतीच्या प्रतीसह
– प्रत्येक हप्त्याची पावती आणि अंतिम बिल
– दुरुस्तीची हमी किती काळ आणि कशाकशाची, याचे टिपण
– खोका बंद होण्यापूर्वी काढलेली आतल्या बाजूची छायाचित्रे

शेवटचा मुद्दा अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु पुढे कुठे पट्टी सुटली तर दुरुस्ती करणाऱ्याला तीच छायाचित्रे कामी येतात.

९. काम चालू असताना

दर आठवड्याला फोन करू नका. दोन टप्प्यांना मात्र प्रत्यक्ष हजर राहा. पहिला, फळी तासण्याचा. कारागीर फळी दोन बोटांत लोंबती धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकतो, रंधा फिरवतो, पुन्हा ठोकतो. सुरुवातीचा लाकडी ‘ठक्’ हळूहळू लांबत जातो आणि एका क्षणी फळी घंटेसारखी थोडा वेळ घुमते. तेथे रंधा थांबतो. दुसरा टप्पा नटच्या खाचा पाडण्याचा. त्या वेळी आपला डावा हात तेथे असावा.

मायक्रोफोन-पिकअपचा, म्हणजे गिटारचा आवाज ध्वनिवर्धकाकडे नेणाऱ्या साधनाचा, निर्णयही खोका बंद होण्याआधी घ्या. सॅडलखाली बसणारा पिझो पिकअप गोंगाटाच्या रंगमंचावर भरवशाचा, पण त्याचा सूर थोडा काचेरी येतो. ब्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवायचा पिकअप नैसर्गिक वाटतो, मात्र आवाज वाढवला की तो लवकर शिट्टी मारतो. बटणांच्या पेटीसाठी बाजूच्या पट्टीला चौकोनी भोक पाडू देऊ नका. पेटी बिघडली की भोक राहते.

१०. ताबा घेताना तपासणी

सोबत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), ट्यूनर, छोटा आरसा आणि टॉर्च न्या.

बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.३ ते २.५ मिलिमीटर आणि पहिलीची १.७ ते १.९ असली तर सर्व शैलींना चालते. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सहाव्या-सातव्या फ्रेटजवळ ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट दिसावी. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि तेथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखे येतात का ते सहाही तारांवर पाहा. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, आधी हळू आणि मग जोरात वाजवा. मिरजेच्या तानपुऱ्यात जी जवारी आपण हौसेने काढून घेतो, ती गिटारमध्ये दोष असते. कुठे झणझण आली तर त्याच दिवशी दाखवा.

शेवटी आरसा आणि टॉर्च आत घालून पट्ट्यांच्या कडांना सरस सलग दिसतो का ते पाहा. हे सगळे करताना संकोच बाळगू नका. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही.

११. पहिले वर्ष

तापकीर गल्लीत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो घ्या, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने चिखलासारखे भिजवा आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवेत. जेवढा फरक येईल तेवढा कायम वजा किंवा अधिक करा.

उन्हाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका, पेटीत ठेवा, आणि भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घालून ती डबी पेटीत ठेवा. फ्रेटची टोके मानेच्या कडेला हाताला बोचू लागली की लाकूड आकसले असे समजा. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार कधीही सोडू नका, कारण त्या उष्णतेत ब्रिजखालचा गोंद मऊ पडतो.

पावसाळ्यात फळी फुगून तारा उंच होतात आणि उन्हाळ्यात ती बसून तारा खाली येतात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर बदल हवा असेल तर सॅडलची उंची एक मिलिमीटरने बदलावी लागते. म्हणून कारागिराकडून हाडाची दोन सॅडल करून घ्या. माझ्या पेटीच्या कप्प्यात त्यांतले एक नेहमी असते, पेन्सिलने ‘जून’ लिहिलेले. दुसऱ्यावर ‘मार्च’ लिहिले आहे आणि सध्या ते गिटारवर आहे.